जन्मतः जुळलेली मान: वरच्या सांध्यांची हालचाल एक्स-रेवर कशी मोजावी

क्लिपेल-फील (मानेचे काही मणके जन्मतःच एकमेकांना जुळलेले असणं) असलेलं मूल मान बऱ्यापैकी वाकवतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. मला मात्र अशाच मानेची जास्त धास्ती वाटते. खालचे मणके जुळलेले असताना हालचाल येते कुठून? कवटी, ॲटलास (मानेचा पहिला मणका, सी १) आणि ॲक्सिस (दुसरा, सी २) यांच्यामधून. सी २-सी ३ जुळलेले आणि वर ॲटलासही कवटीला चिकटलेला असेल, तर दोन बिजागऱ्या गंजलेल्या दारासारखा सगळा भार मधल्या एकाच सांध्यावर येतो.

आधी फक्त सरळ मानेचा बाजूचा एक्स-रे काढा आणि बघा. सी २ चा दंतासारखा सुळका सुटलेला दिसला, हातापायांत अशक्तपणा असेल किंवा नुकताच मार लागला असेल, तर मान वाकवून फिल्म काढायची घाई नको. आधी मणक्याच्या सर्जनशी बोला. बहुधा एमआरआय आधी होतो.

वाकवायचं ठरलं तर मूल जागं हवं आणि मान त्यानंच हलवायची. डोकं कुणीही दाबायचं नाही, टेक्निशियननं नाही, आईनंही नाही. मुंग्या आल्या किंवा दुखलं की थांबायचं. एक्स-रेच्या नळीचं फिल्मपासूनचं अंतर तिन्ही फिल्मना (सरळ, पुढे वाकवलेली, मागे नेलेली) सारखं ठेवा, साधारण १८० सेंमी. मुलं कमरेतून वाकतात आणि वरचा सांधा तसाच राहतो, म्हणून मी सांगते, "'हो' म्हणताना डोकं हलवतोस ना, तसंच, पण शेवटपर्यंत."

आता मोजमाप. ॲटलासच्या पुढच्या कमानीची मागची कड ते सुळक्याची पुढची कड, हे अंतर म्हणजे एडीआय. मोठ्यांत ३ मिमीपर्यंत, मुलांत ५ मिमीपर्यंत चालतो. पण माझा भरवसा मागच्या जागेवर जास्त: सुळक्याची मागची कड ते मागच्या कमानीची पुढची कड. मज्जारज्जू तिथूनच जातो. मोठ्यांत ही जागा १३ मिमीच्या खाली आली की मी रिपोर्ट लिहिण्याआधी फोन करते. सुळका सुटलेला असेल तर तो तुकडा कमानीबरोबरच सरकतो आणि एडीआय अगदी नॉर्मल येतो. कधी मान मागे नेल्यावर जागा अरुंद होते, म्हणून पुढे वाकवलेल्या एकाच फिल्मवर विसंबू नका.

कोनासाठी ॲटलासच्या दोन्ही कमानींच्या मध्यांतून एक रेघ आणि सी २ च्या खालच्या कडेवर दुसरी; त्यांच्यातला कोन फिल्मगणिक जितका बदलतो तितकी त्या सांध्याची हालचाल. सी २-सी ३ जुळल्यामुळे ती कड दिसतच नसेल तर सी २ च्या मागच्या कडेची रेघ घ्या, पण पुढे वाकवलेल्या आणि मागे नेलेल्या दोन्ही फिल्मवर तीच. कवटीसाठी कठीण टाळूच्या मागच्या टोकापासून कवटीच्या तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत रेघ ओढा. ही रेघ आणि ॲटलासची रेघ यांच्यातला कोन दोन्ही फिल्मवर बदललाच नाही, तर कवटी-ॲटलास जुळल्याची शंका घ्या. निकाल सीटीवर लागतो.

लहान मुलांत कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे मणक्यांमध्ये फट दिसली म्हणून ते सुटे असतीलच असं नाही. मणक्यांच्या मागच्या हाडकाट्यांमधलं अंतर वाकवल्यावर वाढतं का, ते पाहा.

रिपोर्टमध्ये तिन्ही फिल्मचे आकडे वेगवेगळे लिहा. मूल पुरेसं वाकलंच नसेल तर "अस्थिरता नाही" असं लिहू नका, "हालचाल अपुरी, निष्कर्ष काढता येत नाही" असं लिहा.