गणपतीला गाडी घेऊन गावाला निघताय, मग या चुका टाळा

आमचं घर भांडुपला आणि गाव लांज्याजवळ, म्हणजे एका बाजूचे साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि लग्न झाल्यापासून गेली १२ वर्षं गणपतीला आम्ही गाडीनेच जातोय. आधी नवरा एकटाच चालवायचा, आता आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो. ते का, हे आधी सांगते.

एका वर्षी आम्ही रात्री साडेअकराला निघालो. नवरा सकाळी ७ ला कामाला गेलेला, संध्याकाळी घरी आला, डिकी भरली, जेवला आणि सरळ स्टेअरिंगवर बसला. वडखळला दीड तास गेला, मग कोलाडपर्यंत रांगत, आणि माणगाव सोडल्यावर पहाटे पावणेचारला रस्ता एकदम मोकळा मिळाला. मी मागे पोरीला मांडीवर घेऊन झोपलेली. जाग आली ती खडखडाटाने. डावीकडची चाकं डांबर सोडून खडीवर गेली होती आणि सासऱ्यांनी शेजारच्या सीटवरून स्टेअरिंगला हात घातला होता. गाडी थांबली तेव्हा मोरीचा कठडा दोन हातांवर होता. नवरा म्हणाला, मी झोपलो नव्हतो, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. सासरे काहीच बोलले नाहीत, त्याला खाली उतरवलं आणि बाटलीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतत राहिले.

दिवसभर काम करून रात्री गाडी काढणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आणि मुंबईतली जवळपास प्रत्येक फॅमिली ती करते, कारण सुट्टी वाचवायची असते. पण पहाटे २ ते ५ च्या दरम्यान शरीर झोप मागतंच, तुम्ही कितीही चहा प्या. आणि डुलकी ट्रॅफिकमध्ये येत नाही, ट्रॅफिक संपून रस्ता मोकळा झाला की येते. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ४ सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

आम्ही आता काय करतो, तर चालवणारा माणूस निघायच्या दिवशी दुपारी जेवून ४ तास झोपतो, मग डिकी कोणीही भरो. दर २ तासांनी ड्रायव्हर बदलतो, झोप येत नसली तरी. जांभया सुरू झाल्या, मागचे ५ किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पट्ट्यावर सरकायला लागली, यातलं काहीही झालं तर पेट्रोल पंपावर उजेडात गाडी लावायची, एक कप चहा घ्यायचा आणि लगेच २० मिनिटं झोपायचं. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. काच उघडून वारा घेणं, मोठ्याने गाणी लावणं, हे ५ मिनिटांच्या वर टिकत नाही. आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, हा आमच्या गाडीतला नियम आहे.

घरच्यांनाही हे सांगून ठेवा. आमच्या आत्याबाई दर अर्ध्या तासाला फोन करायच्या, "खय पोचलास रे बाबू", आणि त्या माउलीचा जीव आमच्यात अडकलेला असतो म्हणून फोन उचलला जायचा. आता निघतानाच सांगतो की चिपळूणला पोचलो की आम्ही फोन करू, तोवर करू नका. ताट वाढून वाट बघत बसू नका हेही सांगतो, नाहीतर इकडे ड्रायव्हरला घाई सुटते.

सगळ्यांसोबत एकाच रात्री निघणं

मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं आणि तेव्हापासून आपण सगळे वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव ही नावं जपमाळेसारखी म्हणतोय. माणगाव-इंदापूरला रस्ता बाजारातून जातो त्यामुळे तिथे अडकायला होतंच. २०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी अख्खी मुंबई पनवेलजवळ पळस्प्याला, जिथून हा हायवे सुरू होतो तिथे येणार. ज्यांना जमतंय त्यांनी गुरुवार घ्या, किंवा झोप पूर्ण करून शुक्रवारी पहाटे ४ ला निघा. शुक्रवारी रात्री १० ही सगळ्यात वाईट वेळ.

पर्याय आहेत. एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरून पालीवरून वाकणला हायवेला लागता येतं, त्यात पेण-वडखळ टळतं. चिपळूणकडच्यांना सातारा, उंब्रज, पाटण करून कुंभार्ली घाट आहे. आमच्यासारख्यांना कोल्हापूरवरून आंबा घाट, साखरपा. अंतर वाढतं पण गाडी चालत राहते. घाट चालू आहे का हे मात्र निघायच्या दिवशी गावच्या माणसाला विचारा, मॅपवर विश्वास ठेवून नको, पावसात दरड येते आणि मॅपला ते उशिरा कळतं. मॅप जवळचा रस्ता म्हणून वाडीवस्तीतून घालतो तिथेही रात्री शिरू नका. अर्धवट पुलांच्या डायव्हर्जनला पुढच्या गाडीच्या मागे डोळे झाकून जाऊ नका, ती पण चुकलेली असू शकते.

टोलचं थोडक्यात. गेली काही वर्षं सरकार गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास देतं, आरटीओ, वाहतूक पोलीस किंवा पोलीस चौकीत मिळतात, तारखा दरवर्षी जाहीर होतात, शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहण्यापेक्षा आधी घ्या आणि परतीसाठी जपून ठेवा. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेल्यांना वाटतं की तो सगळीकडे चालतो, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतू त्यात येत नाहीत, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. आणि लालबाग-परळकडून अटल सेतूने जाणाऱ्यांनो, कृपा करून पुलावर फोटोसाठी थांबू नका, मागून गाड्या १०० ने येत असतात.

गाडी फक्त धुऊन घेणं

सोसायटीत महिनाभर उभी असलेली गाडी धुतली, पेट्रोल भरलं की झालं असं वाटतं. पण निघायच्या किमान ४ दिवस आधी बॉनेट उघडा. मुंबईत पावसाळ्यात उंदीर इंजिनात येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, आमच्याकडे एका वर्षी कुरतडलेली वायर निघायच्या सकाळी दिसली आणि गणेशचतुर्थीचा मेकॅनिक कुठून आणणार. तंबाखूच्या पुड्या ठेवतात लोक, ठेवा, पण रोज बॉनेट उघडून बघणं जास्त कामाचं.

हवा गाडी थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या आत स्टिकर असतो त्यावर कमी माणसांसाठी आणि फुल लोडसाठी वेगवेगळे आकडे असतात, आपण जातो ५ माणसं आणि भरलेली डिकी घेऊन, तेव्हा फुल लोडचा आकडा धरायचा. स्टेपनीतही हवा भरा, आणि स्टेपनी, जॅक, पाना सामानाच्या तळाशी गाडू नका. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकीही भरून घ्या, कारण गणपतीत सीएनजीच्या रांगेत तास जातात.

जाममध्ये गाडी तापली तर. काटा वर चढायला लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर फुल चालू करा, गरम होईल गाडीत पण इंजिनाची उष्णता बाहेर येते. तरी खाली येत नसेल तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. चालताना काटा ठीक आणि थांबलं की चढतो असं असेल तर बहुतेक पंखा चालत नाही, मेकॅनिकला हेच वाक्य सांगा म्हणजे त्याचा वेळ वाचेल.

बायकांनी पाणी न पिणं

हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. आमच्या सासूबाई निघायच्या दिवशी दुपारपासून पाणीच प्यायच्या नाहीत, कारण रस्त्यात जायची सोय कुठे. मीही तेच करायचे. मग डोकं दुखणं, पायात गोळे, आणि एका वर्षी गावाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना लघवीला जळजळ आणि ताप, ऋषीच्या भाजीच्या दिवशी त्या अंथरुणात. डायबिटीस असलेल्या बाईला हे परवडत नाही.

आता आम्ही दर २ तासांनी थांबतोच, कोणाला लागली का असं विचारत नाही, कारण विचारलं की सासूबाई नाहीच म्हणतात. गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, पाय मोकळे करायचे. जिथे फॅमिली गाड्या जास्त आणि उजेड आहे असा पंप किंवा हॉटेल निवडायचं, सोबत पाण्याची बाटली, टिश्यू, साबणाची कागदं ठेवायची. आणि मोठ्यांची औषधं पायाशी ठेवलेल्या पिशवीत हवीत, डिकीत नाही. जाममध्ये गाडी अडकली की शुगरवाल्याचं जेवण ३ तास पुढे जातं, त्यामुळे दशम्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू हाताशी ठेवा.

पोरांना उलट्या होतात त्याचंही बघा. उलटी सुरू झाल्यावर गोळी देऊन उपयोग नाही, ती निघायच्या अर्धा-एक तास आधी द्यायची असते, आणि पोराच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच. वळणांवर मोबाइल देऊ नका, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, पुरीभाजी वडापाव नको, आणि आरशाला लटकवलेला तो वासाचा डबा निघायच्या आधीच काढून टाका, आमच्या पोरीचा निम्मा त्रास त्यानेच होता. पोराला मांडीवर घेऊन बसणंही सोडा. मी घ्यायचे, पण जोरात ब्रेक लागला की आईचे हात पुरत नाहीत, सीट आणि बेल्टच पुरतो.

पेणहून मूर्ती नेताना

आमची शाडूची, दीड फुटाची मूर्ती पेणहूनच जाते. पहिल्यांदा आम्ही ती डिकीत ठेवली, कपड्यांच्या बॅगांमध्ये घट्ट बसवून. पोलादपूरला उघडून बघितलं तर उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते त्यामुळे खड्ड्यात सगळ्यात जास्त उसळी तिथेच बसते. सगळ्यात कमी हादरे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसतात, पण पायाशी देव ठेवायला घरात कोणी तयार होणार नाही, म्हणून आता मागच्या सीटवर मधोमध. खाली गोधडीची घडी, त्यावर पाट, सीटबेल्ट पाटाला, मूर्तीला नाही. जुन्या साड्यांचे पिळे करून फक्त बैठकीभोवती लावायचे, हाताला, सोंडेला, कानाला काहीही टेकता कामा नये, कारण जोड तिथेच असतात. तोंडावर रुमाल, आणि दोन्ही बाजूला एकेक माणूस.

तरी काही तुटलंच तर घाबरू नका आणि पोरांवर ओरडू नका. प्राणप्रतिष्ठा व्हायची असते, त्यामुळे दुरुस्ती करता येते. आम्ही ती बोटं रुमालात बांधून गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे नेली, तिथल्या कारागिराने ओल्या शाडूने तासाभरात जोडली, रंग लावला, कुठे तुटलं होतं ते आता मलाही सांगता येणार नाही.

घाटात आणि पावसात

कशेडीला आता बोगदा झाल्याने बराच घाट वाचतो, पण बोगद्यात शिरताना हेडलाइट लावा आणि ओव्हरटेक करू नका. बाकी घाट उतरताना सेकंड गिअर, पाय सतत ब्रेकवर नको. जळका वास आला म्हणजे ब्रेक तापलेत, थांबा, थंड होऊ द्या, पाणी मारू नका. न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून आहेत, इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते, दोन्ही दगडासारखे कडक होतात.

पावसात काचेवर आतून वाफ धरली की फडक्याने पुसत बसू नका. एसी चालू, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. धुक्यात हेडलाइट खाली, आणि गाडी चालू असताना चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय काहीच कळत नाही.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, त्यात दोन एसट्या होत्या. आमच्या बाजूची माणसं त्या नदीवरून जाताना अजूनही गप्प होतात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका, आत पाणी ओढलं जाऊन इंजिन कायमचं जातं. ११२ ला फोन करा, ॲम्ब्युलन्सला १०८, हायवेवर मदतीला १०३३.

पोचल्यावर आणि परतताना

वाडीत गाडी शेताच्या कडेला लावली आणि रात्री पाऊस झाला की चाक रुततं. जोरात रेस केली की अजून खाली जातं. चाकं सरळ करा, पुढच्या चाकांखाली नारळाच्या झावळ्या किंवा जांभ्याचे तुकडे घाला, सेकंड गिअरमध्ये हळूच क्लच सोडा.

परतताना डिकीत तांदूळ, नारळ, कोकम, काकीने दिलेली काकडी, नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण मागे वजन झालं की पुढचा भाग उचलतो आणि तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, डॅशबोर्डवर लाइट खालीवर करायचं छोटं चाक असतं ते फिरवा. जड पोती सीटच्या पाठीला टेकवून तळाला ठेवा, नारळ मागच्या काचेपाशी सुटे नकोत.

आणि गौरी-गणपती विसर्जनाच्या रात्री गावात भजन असतं, जाखडीचा नाच असतो, कोणालाच झोपायचं नसतं, आणि सकाळी त्याच डोळ्यांनी अर्धं कोकण मुंबईला निघतं. आमच्या जाऊबाई त्या रात्री माजघरात आधीच गादी घालून ठेवतात, १० वाजले की आमच्यापैकी जो पहिला चालवणार असेल त्याला आत पाठवतात, आणि बाहेर मृदंग कितीही रंगला तरी पोरांना त्या दारातून आत जाऊ देत नाहीत.