मासे सोडण्यापूर्वी टाकी सायकल कशी करावी: नायट्राइटचा अडलेला टप्पा आणि त्यातून निघण्याची वाट

नवी टाकी भरून फिल्टर आठवडाभर चालू ठेवा, पाणी 'मुरू' द्या आणि मग मासे सोडा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. या सल्ल्याने किती मासे मेले असतील याची मोजदाद नाही. नुसते पाणी फिरवत ठेवल्याने टाकीत काहीही तयार होत नाही. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. त्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणे म्हणजे टाकी सायकल करणे, आणि हे जिवाणू अन्नावाचून वाढत नाहीत. त्यांचे अन्न अमोनिया हेच आहे. म्हणून मासे नसलेल्या टाकीत तो आपल्याला बाहेरून घालावा लागतो. दोन-चार 'काटक' मासे सोडून टाकी सायकल करण्याचा प्रकार मी पूर्णपणे त्याज्य मानतो. अमोनिया कल्ले जाळतो आणि नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करून माशाला भर पाण्यात गुदमरवतो. मासा जगला तरी त्याने ते सोसलेले असते.

टाकी, फिल्टर, हीटर आणि तळाची रेती जागेवर बसली आहे असे गृहीत धरतो. पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातील क्लोरीन निकामी करणारे द्रावण) घाला. क्लोरीन उघड्या पाण्यातून एक-दोन दिवसांत उडून जातो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) तसा उडत नाही, त्यामुळे 'पाणी रात्रभर ठेवले होते' एवढ्यावर विसंबू नका. तापमान २६ ते २८ अंश सेल्सियस ठेवा. फिल्टर अहोरात्र चालू राहू द्या आणि एअर पंप असेल तर तोही लावा, कारण या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो. यूव्ही दिवा बंद ठेवा. टाकीत वनस्पती नसतील तर प्रकाशही बंदच असावा, म्हणजे शेवाळ माजणार नाही. चाचणीसाठी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्यातील कार्बोनेटचे माप, अंशांत) यांचे थेंबांचे किट घ्या. कागदी पट्ट्यांवर या कामात माझा विश्वास नाही.

अमोनियाचा पहिला डोस

सर्वांत खात्रीचा मार्ग शुद्ध अमोनियम क्लोराइडचा आहे. १०० लिटर पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम घातले की अमोनियाची पातळी २ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास येते. टाकीत प्रत्यक्ष किती पाणी आहे ते धरून हिशेब करा, टाकीच्या मापावरून नको, कारण रेती आणि दगड बरीच जागा खातात. घरगुती सफाईचा अमोनिया वापरायचाच असेल तर बाटली हलवून पाहा. फेस टिकून राहिला तर त्यात साबणासारखे द्रव्य आहे, आणि ती बाटली टाकीजवळ आणू नये. कोळंबीचा तुकडा कुजवून अमोनिया मिळवण्याची पद्धतही चालते, पण किती अमोनिया निघाला हे कळत नाही आणि वास मात्र घरभर पसरतो. माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड मी एकदाच घालतो. ती अमोनियासाठी नसून जिवाणूंना लागणाऱ्या फॉस्फेटसाठी असते.

ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचे बादलीभर पाणी आणून काही साधत नाही, पण मूठभर स्पंजने पाच-सहा आठवड्यांचे काम दोन आठवड्यांवर येऊ शकते. बाटलीबंद जिवाणूंपैकी काही खरोखर काम करतात. मात्र उन्हात तापलेल्या किंवा मुदत उलटलेल्या बाटलीत जिवंत काय उरले आहे हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बाटली ओतली म्हणून चाचणी टाळू नये.

आता थांबा. एक दिवसाआड अमोनिया मोजा. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले तर त्याला हात लावू नका, ते वेगळ्या जिवाणूंचे लोण असते आणि आपोआप ओसरते. साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइटच्या चाचणीत पहिल्यांदा रंग दिसतो.

नायट्राइट अडतो तो इथे

या लेखाचे खरे कारण हाच टप्पा आहे. सायकल सोडून देणारे बहुतेक लोक इथेच सोडतात, आणि इथवर आणून पोहोचवणारा सल्ला एकच असतो: 'अमोनिया शून्यावर आला की रोज पुन्हा २ पीपीएम घाला.' माझ्या पहिल्या टाकीत मी तो तंतोतंत पाळला. अमोनिया रोज उतरत होता, त्यामुळे सर्व सुरळीत चालले आहे असेच मला वाटत होते. नायट्राइटची परीक्षानळी मात्र रोज त्याच गडद जांभळ्या रंगाची निघे. आठवडा गेला, दुसरा गेला, रंग हलेना. मग एके दिवशी अमोनियाही उतरेनासा झाला. पीएच मोजला तेव्हा ७.४ वरून तो ६ वर आलेला होता.

काय बिघडले ते आकड्यांतच आहे, आणि ते आकडे कोणी आधी सांगितले असते तर माझा दीड महिना वाचला असता. १ पीपीएम अमोनियापासून सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतो, कारण नायट्रोजनचा तोच अणू आता दोन ऑक्सिजन घेऊन अधिक जड झालेला असतो. म्हणजे २ पीपीएमच्या एकाच डोसातून ५.४ पीपीएम नायट्राइट निघतो. बहुतेक किटच्या रंगपट्टीचा शेवटचा रंग ५ पीपीएमचा असतो. एका डोसातच पट्टी संपते! त्यानंतर पाण्यात ६ पीपीएम आहे की ३६, हे त्या रंगावरून कळणे शक्य नसते. मी रोज पट्टीच्या शेवटच्या रंगाकडे पाहून 'अजून ५ आहे' असे लिहून ठेवत होतो आणि रोज त्यात आणखी पाचाची भर घालत होतो.

दुसरा हिशेब केएचचा. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील कार्बोनेट खाऊन टाकते. २ पीपीएम अमोनियामागे केएच सुमारे ०.६६ अंशाने घटतो. माझ्या पाण्याचा केएच ४ होता, म्हणजे सहा डोसांत तो संपला. कार्बोनेट संपले की पीएच कोसळतो, ६.५ च्या खाली जिवाणूंचे काम मंदावते आणि ६ च्या आसपास जवळजवळ ठप्प होते. माझे जिवाणू मेले नव्हते, पण त्यांना काम करता येईल असे पाणी मी ठेवले नव्हते.

त्यात भर म्हणजे नायट्राइटचे काम करणारे जिवाणू मुळातच उशिरा जोर धरतात, कारण त्यांचे अन्न आधीच्या जिवाणूंनी तयार केल्याशिवाय त्यांना मिळत नाही. पूर्वी हे काम नायट्रोबॅक्टर करतात असे मानले जाई. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममध्ये हे काम नायट्रोस्पायरा गटाशी निगडित असल्याचे दाखवले. पुढे २०१५ मध्ये नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करतात असेही आढळले. नावे कोणतीही असोत, हे जिवाणू संथच वाढतात. कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात, तर यांना अनुकूल पाण्यातही अर्ध्या दिवसापासून एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे, आणि तीत मी तडजोड करत नाही. नायट्राइट पट्टीच्या वरच्या टोकाला पोहोचला की रोजचे डोस बंद. दर तिसऱ्या दिवशी फक्त १ पीपीएम अमोनिया, म्हणजे १०० लिटरला साधारण ०.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड. 'जिवाणू उपाशी मरतील' ही भीती बाळगू नका. ते दोन-तीन दिवसांच्या उपासाने मरत नाहीत.

नायट्राइट पट्टीबाहेर गेल्याचा संशय आल्यास पाणी पातळ करून मोजा. टाकीचे १ मिलिलिटर पाणी आणि डिस्टिल्ड पाणी ९ मिलिलिटर एकत्र करा, त्यातून चाचणी घ्या आणि आलेल्या आकड्याला १० ने गुणा. संशय कशावरून घ्यावा याची एक खूण डोळ्यांना दिसते. एरवी थेंब घातल्यावर नळी हलवावी लागते आणि रंग काही मिनिटांत सावकाश चढतो. नायट्राइट फार असेल तर थेंब पाण्यात पडताक्षणीच जांभळे होतात आणि नळीच्या तळापर्यंत जांभळी रेघ ओढत जातात. ही रेघ दिसली की पाच मिनिटे थांबून पट्टीशी रंग जुळवत बसण्यात अर्थ नाही.

पातळ करून मोजलेला आकडा १५-२० च्या वर आला तर पाणी बदला. निम्मे नव्हे, तीन चतुर्थांश. 'सायकल चालू असताना पाणी बदलू नये' हे मी ऐकलेले सर्वांत घातक वाक्य आहे. जिवाणू स्पंजवर, रेतीवर आणि काचेवर असतात, ओतून दिलेल्या पाण्याबरोबर ते जात नाहीत. नवे पाणी अँटी-क्लोरीन घालून, त्याच तापमानाचे भरा. त्यामुळे नायट्राइट खाली येतो आणि केएचही परत मिळतो. तरीही केएच ३ च्या खाली राहिला तर बेकिंग सोडा वापरा: १०० लिटरमध्ये ३ ग्रॅम घातल्यास केएच सुमारे १ अंशाने वाढतो. आधी पेलाभर पाण्यात विरघळवा, मग फिल्टरच्या धारेत ओता. बेकिंग पावडर नको, त्यात आम्लही असते.

त्या पहिल्या टाकीत मी शेवटी पाठोपाठ दोन दिवस तीन चतुर्थांश पाणी बदलले. नवव्या दिवशी सकाळी नळी हलवली, पाच मिनिटे पांढऱ्या कागदापुढे धरली, आणि पाणी स्वच्छ आकाशी रंगाचे राहिले. खिडकीजवळ नेऊन पुन्हा पाहिले. जांभळ्याचा लवलेशही नव्हता.

आणखी एक सूचना याच टप्प्याची आहे. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची चाचणी घेऊ नका आणि घेतलीच तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये रूपांतर करून मग रंग आणला जातो, त्यामुळे पाण्यात आधीच असलेला नायट्राइट त्यात मिसळून आकडा फुगतो. 'नायट्रेट दिसला म्हणजे सायकल पूर्ण' असे समजून मासे सोडणारे नेमके इथे फसतात.

टाकी तयार झाली हे कसे ओळखावे

नायट्राइट शून्यावर आला की पुन्हा पूर्ण २ पीपीएम अमोनिया घाला आणि बरोबर २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आला, तर दुसऱ्या दिवशी हीच परीक्षा पुन्हा घ्या. दोन्ही दिवशी उत्तीर्ण झाली तरच टाकी तयार. नायट्राइट ०.२५ जरी उरला असेल तरी आणखी काही दिवस द्या.

त्यानंतर पाण्याचा मोठा बदल करून नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास आणा. प्रत्येक २ पीपीएम डोसातून शेवटी ७ पीपीएमहून थोडा अधिक नायट्रेट साचलेला असतो, त्यामुळे हा बदल टाळता येत नाही. मासे आणायला दोन-तीन दिवसांहून अधिक उशीर होणार असेल तर एक दिवसाआड १ पीपीएम अमोनिया चालू ठेवा आणि मासे येण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला.

मासे थोडे सोडा. पहिल्या दोन आठवड्यांत खाद्य बेताचे द्या आणि अमोनिया-नायट्राइट रोज तपासा. कोणत्याही दिवशी रंग दिसला तर त्याच दिवशी निम्मे पाणी बदला. स्पंज पहिला महिनाभर धुऊ नका. पुढे फिल्टरचा प्रवाह मंदावला की तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळा आणि ओलाच परत बसवा. नळाखाली धरू नका, आणि एकाहून अधिक स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळा.