मरीन टँकमधले शेवाळ आणि बिघडलेले पाणी : या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळ दिसू लागले की बहुतेक जण दुकानात जाऊन शेवाळ मारणारे औषध आणतात, आणि पहिली चूक तिथेच होते. शेवाळ मेले तरी त्याने शोषून घेतलेले नायट्रेट आणि फॉस्फेट कुठेही जात नाही. मेलेले शेवाळ कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि तेच खतपाणी पुढच्या शेवाळासाठी टँकमध्ये परत उतरते. त्यामुळे औषधाआधी आपण टँकमध्ये रोज कोणते पाणी ओततो, हे तपासावे.

माझ्या पुण्यातल्या घरी 200 लिटरचा टँक आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वाळूवर तपकिरी थर धरत असे; काचेवरचा थर बोटाने पुसला की पिठासारखा उडून जाई आणि दोन दिवसांत पुन्हा येई. नव्या टँकमध्ये डायाटमचा, म्हणजे कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळाचा, असा थर येतोच आणि काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो, हे ठाऊक असल्यामुळे मी वाट पाहिली, पण तीन महिने उलटले तरी तो जाईना. शेवटी स्वयंपाकघरातल्या आरओ प्युरिफायरचे पाणी पेल्यात घेऊन त्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणारा मीटर बुडवला, तेव्हा 72 हा आकडा दिसला. पाण्याला चव राहावी म्हणून घरगुती प्युरिफायरमध्ये थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळण्याची सोय अनेकदा असते. पिण्यासाठी ते पाणी उत्तम असते, मरीन टँकसाठी नाही. माझ्या टँकमधून पंख्याखाली रोज सुमारे 3 लिटर पाणी उडत असे, म्हणजे महिन्याला 90 लिटर, आणि ते मी याच पाण्याने भरून काढत असे. उडते ते फक्त पाणी. त्यात विरघळलेले सारे टँकमध्येच राहते. अशा रीतीने मी दर महिन्याला जवळजवळ अर्ध्या टँकभर पाण्यातले क्षार त्याच टँकमध्ये साठवत होते.

टॉप-अपसाठी, म्हणजे उडालेले पाणी भरून काढण्यासाठी, आणि मीठ कालवण्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) गेलेले, शून्य टीडीएसचे पाणीच वापरावे. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. टीडीएस मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून आकडा दाखवतो, आणि सिलिका पाण्यात बहुतांशी विद्युतभार नसलेल्या रूपात असते, म्हणून ती मीटरला जवळपास दिसतच नाही. रेझिन संपत आले की सर्वांत आधी निसटते तीही सिलिकाच, आणि डायाटमला आपले कवच बांधायला नेमकी तीच लागते. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी बेसाल्ट खडकातून झिरपून आलेले असल्यामुळे त्यात सिलिका असतेच. ज्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, त्यांनी मीटर शून्य दाखवत असला तरी रेझिन थोडे आधीच बदललेले बरे. मी डीआयमधून गेलेले पाणी वापरू लागल्यावर तीन आठवड्यांत वाळू पांढरी दिसू लागली.

मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी फुकट मिळते असे वाटते. शहराजवळच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता (खारेपणा) खाली येते, त्यामुळे तो मोह टाळावा. सिंथेटिक मिठाची पिशवीही पावसाळ्यात उघडी ठेवू नये. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्याचे खडे होतात, वजनाचा हिशेब चुकतो आणि कालवलेल्या पाण्याची अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) कमी भरते. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ भरून ठेवणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे.

दुसरी मोठी चूक मोजण्यातली. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून पुढे 35 पीपीटीचे (हजारात 35 भाग) वाचन अचूक येईल असे गृहीत धरले जाते, पण तो 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच लावावा. नायट्रेटच्या अनेक टेस्ट किटमध्ये एका बाटलीतले किंवा पुडीतले द्रव्य तळाशी बसते. सूचनेत सांगितलेला वेळ ती जोरात हलवली नाही, तर 40 पीपीएम (दशलक्षात 40 भाग) असलेले पाणीही 5 दाखवते. काही डिजिटल चेकर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतात. त्या आकड्याला 3.066 ने गुणल्यावर फॉस्फेट मिळते. म्हणजे 20 पीपीबी फॉस्फरस हे सुमारे 0.06 पीपीएम फॉस्फेट झाले. कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकमध्ये नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम यांच्या आसपास स्थिर राहिले तर मी समाधानी असते. स्थिर हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे, कारण फॉस्फेट शोषणारे माध्यम एकदम भरपूर घालून फॉस्फेट दोन दिवसांत खाली आणले, तर शेवाळाआधी कोरलच पांढरे पडताना मी पाहिले आहे.

आकडा चांगला आणि खडकावर मात्र हिरवे केसाळ शेवाळ, हे कोडे अनेकांना पडते. शेवाळ फॉस्फेट सतत खात असल्यामुळे पाण्यात ते शिल्लक दिसत नाही. शिवाय खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जुन्या खडकाने फॉस्फेट धरून ठेवलेले असते आणि पाणी स्वच्छ होईल तसे तो ते हळूहळू सोडत राहतो. अशा वेळी खडक टँकमध्येच ब्रशने घासू नये, कारण सुटलेले तुकडे सगळीकडे रुजतात. पाणी बदलण्याच्या दिवशी काढलेले पाणी बादलीत घ्यावे, खडक त्यात बुडवून घासावा आणि ते पाणी फेकून द्यावे. त्यासोबत गाळणीचा मोजा (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर दोन-तीन दिवसांनी धुवावा आणि फ्रोझन खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी गाळून टाकावे. नायट्रेट 40 असताना 10 टक्के पाणी एकदा बदलले तर ते 36 वर येते, त्याहून खाली नाही, हे गणित ठाऊक असले की एका आठवड्यात फरक पडला नाही म्हणून धीर सुटत नाही.

तपकिरी दिसणारे सगळेच डायाटम नसते, आणि इथे केलेली चूक सर्वांत महाग पडते. डायनोफ्लॅजेलेट (डायनो) या दुसऱ्या सूक्ष्मजीवांचा थर शेंबडासारखा चिकट असतो, त्याला दोरे लोंबतात आणि दोऱ्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री तो विरळ होतो आणि दुपारपर्यंत पुन्हा दाट होतो. खात्री करायची असेल तर थोडा थर टँकच्या पाण्यासह छोट्या बाटलीत घ्यावा, जोरात हलवावा, कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा दोरे जमू लागले, तर ते बहुधा डायनोच. ते अनेकदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या, अतिस्वच्छ टँकमध्ये येतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडलेले असतात. पाणी बदलत राहणे, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) वाढवणे, खाद्य कमी करणे हे केसाळ शेवाळावरचे उपाय इथे उलटे पडतात. पोषण थोडे वाढवावे, पाणी बदलणे काही काळ थांबवावे, आणि रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींसाठी यूव्ही (अतिनील) दिवा लावावा. काही जाती विषारी असतात. त्या खाऊन शंख मरू लागले तर मेलेले शंख त्याच दिवशी बाहेर काढावेत.

लालसर, मखमली पापुद्र्यासारखा सरकणारा थर हा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळाचा नव्हे तर जिवाणूंचा असतो. जिथे प्रवाह पोहोचत नाही आणि गाळ साचतो तिथे तो पसरतो. बारीक नळीने तो ओढून काढावा आणि पॉवरहेडचे (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवावे. त्यासाठी प्रतिजैविके वापरली जातात, पण ती उपयुक्त जिवाणूंनाही धक्का देऊ शकतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पीएच संध्याकाळी 8.2 आणि सकाळी 7.8 दिसला की बफर (पीएच वाढवणारे द्रव्य) ओतला जातो. एसीसाठी खोली बंद असेल तर हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच पाण्यात उतरतो. आधी अल्कलिनिटी मोजावी. ती 8 ते 9 डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) असेल तर बफरला हात लावू नये, खिडकी उघडावी किंवा स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर न्यावी. अमोनिया दिसत असताना तर पीएच मुद्दाम वर चढवूच नये, कारण पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा होतो.

घरातली एक गोष्ट मात्र कोणत्याही टेस्ट किटमध्ये दिसत नाही. डासांसाठी लावलेल्या लिक्विड मशीनमध्ये आणि झुरळांच्या स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये असतात आणि ती मासे, कोळंबी, खेकडे यांना अत्यंत घातक असतात. एअर पंप आणि स्किमर त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतात. सगळे आकडे ठीक असताना कोळंब्या एका रात्रीत आडव्या पडल्या, तर आधी हेच आठवावे : मशीन बंद करावे, खोली मोकळी करावी, ताजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावावे आणि जुळवून घेतलेल्या क्षारतेच्या व तापमानाच्या पाण्याने मोठा बदल करावा. माझ्याकडे टँक असलेल्या खोलीत आता खिडकीला जाळी आहे आणि मशीनचा प्लग तिथे लावला जात नाही.