चिंचोक्यापासून गोळ्यांसाठी बाइंडर कसा तयार करावा

घोंगडी विणण्यापूर्वी लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. धाग्याला बळकटी देणारे तेच द्रव्य औषधाच्या गोळीतील भुकटीही धरून ठेवते, म्हणजेच बाइंडरचे काम करते. ते म्हणजे झायलोग्लुकन, म्हणजेच ग्लुकोजच्या लांब साखळीला झायलोज व गॅलॅक्टोजच्या शाखा फुटलेला नैसर्गिक पॉलिमर.

प्रथम चिंचोके बेताने भाजून त्यांचे तपकिरी टरफल पूर्ण काढावे, कारण टरफलातील टॅनिनमुळे उत्पादनाला रंग येतो. आतील पांढऱ्या गराचे बारीक पीठ करून त्यातील २० ग्रॅम पीठ २०० मिलिलिटर थंड डिस्टिल्ड पाण्यात कालवावे आणि मगच ते ८०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओतावे. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्यास गुठळ्यांचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो व आतले पीठ कोरडेच राहते. पिठले करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

मिश्रण ढवळत २० मिनिटे उकळावे, रात्रभर ठेवावे आणि मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या वेगाने २० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवावा. वरचे द्रावण दुप्पट इथेनॉलमध्ये बारीक धारेने सोडले, की पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू वर येतात. ते मलमलीतून पिळून घ्यावेत, इथेनॉल ज्योतीपासून दूर, हवेशीर जागी उडू द्यावे आणि त्यानंतरच ५० अंश सेल्सिअसला वाळवून दळावेत.

तपासणीत आयोडीनने निळसर-हिरवी छटा आली, तर स्टार्चची भेसळ आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. हे झायलोग्लुकन स्वतःच आयोडीनशी तसा रंग देते.

बाइंडर म्हणून वापरताना कमी-अधिक तीव्रतेची द्रावणे करून प्रत्येकाने स्वतंत्र ग्रॅन्युल (गोळी दाबण्यापूर्वीचे औषधाचे दाणे) तयार करावेत आणि स्टार्च पेस्टच्या गोळ्यांशी तुलना करावी. फ्रायबिलिटी चाचणीत, म्हणजे फिरत्या ड्रममध्ये गोळ्यांची झीज पाहताना, १०० फेऱ्यांनंतर वजनातील घट १ टक्क्याच्या आत असावी. मात्र केवळ या आकड्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते, कारण बाइंडरचे प्रमाण वाढले की गोळीभोवती फुगलेला चिकट थर तयार होऊन औषध सावकाश बाहेर पडते. दीर्घकाळ परिणाम हवा असेल तेथे हा गुणच ठरतो. तापावरच्या पॅरासिटॅमॉलसाठी मात्र डिसइंटिग्रेशन (गोळी फुटणे) व डिसोल्यूशन (औषध विरघळणे) पाहूनच प्रमाण ठरवावे. तयार द्रावणात जंतू लवकर वाढतात, म्हणून ते त्याच दिवशी वापरावे आणि कोरडी भुकटी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी.