मोजे निवडताना या चुका टाळा: बूट निघाल्यावरही शोभायला हवेत

आपल्याकडे बूट सारखे काढावे लागतात. कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्याशी, नाशिकच्या काळारामाच्या दर्शनाला, वास्तुशांतीला, लग्नाच्या मांडवात. त्यामुळे ‘बुटात कुणाला दिसतंय?’ म्हणत घाईत चढवलेली जोडी टाचेपासून बोटांपर्यंत सगळ्यांसमोर येते. मोजे कपड्यांइतकेच जपून निवडावेत, असं मी पोटतिडकीने सांगते ते यामुळेच.

सगळ्यात जास्त चुका फॉर्मल कपड्यांवर होतात. माझा धाकटा भाऊ पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला मुलाखतीला निघाला, तेव्हा शर्ट-पँट कडक इस्त्रीची, बूट चकाचक. पायात मात्र घोट्यापर्यंतचे पांढरे स्पोर्ट्स मोजे. गाडीत पायावर पाय टाकून बसल्यावर पँट वर सरकली, नडगी उघडी पडली आणि त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं. यात दोन चुका होत्या, रंगाची आणि उंचीची.

रंग पँटशी जुळवायचा, बुटांशी नाही. पँट आणि मोजा एका रंगाचे असले की पाय मध्येच तुटल्यासारखा दिसत नाही. हुबेहूब छटा मिळाली नाही, तर एक छटा गडद घ्या, फिकी नको. नेव्ही ब्लू आणि काळा रंग ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. नाशिकच्या मेन रोडला खरेदी करत असाल तर जोडी दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. उंचीची परीक्षा घरीच होते. खुर्चीत बसा, पायावर पाय टाका. कातडी दिसली तर मोजा आखूड आहे. ऑफिससाठी निदान अर्धी पोटरी झाकणारा हवा. जीन्स आणि स्नीकर्सवर घोट्याचे मोजे छान दिसतात. मोजडी किंवा लोफरमध्ये आत लपणारेच घाला. कोल्हापुरीत मोजे नकोतच.

लग्नात जोधपुरी घालणाऱ्यांनी आदल्या रात्री मोज्यात हात घालून तो दिव्यासमोर धरावा. टाचेतून किंवा अंगठ्यापाशी बोटं दिसू लागली, तर ती जोडी मांडवात नेऊ नका. तिथे बूट निघणार, आणि करवल्यांनी ते लपवले तर बराच वेळ मोज्यांवरच वावरावं लागणार. निव्वळ नायलॉनचे तलम मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात, हेही ध्यानात ठेवा.

दुचाकी चालवताना उन्हापासून पाय जपण्यासाठी आपण बायका अंगठ्याचे मोजे घालतो. ‘स्किन कलर’ म्हणून दुकानात जे देतात ते बरेचदा गुलाबट असतं आणि सावळ्या पायावर उठून दिसतं. रंग पायावर धरून बघा आणि साडीवर घातले असतील, तर पार्किंगमध्येच काढून पर्समध्ये ठेवा.

कापडाची चूक पावसाळ्यात महागात पडते. सुती मोजा घाम आणि पाणी भरपूर शोषतो, पण लवकर सोडत नाही. अंजनेरी किंवा हरिहर गड चढताना तो भिजला की कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतात. तिथे लोकर मिसळलेले किंवा सिंथेटिक स्पोर्ट्स मोजे घाला. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी जोडी असू द्या. रोजच्या ऑफिसला मात्र कॉटनमध्ये थोडं नायलॉन आणि स्पॅन्डेक्स असलेले मोजे सोयीचे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सेफ्टी शूज घालणाऱ्यांनी बुटाच्या काठापेक्षा उंच आणि जाड मोजे घ्यावेत, नाहीतर काठ घोट्याला कापतो. थंडीत, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की, लोक जाड लोकरी मोजे रोजच्याच बुटात कोंबतात. बोटं आवळली जातात आणि ऊब धरणारी हवा आत उरत नाही, म्हणून पाय उलट जास्त गार पडतात. जाड मोज्यांना ऐसपैस बूटच लागतात.

मोजा सारखा खाली उतरत असेल तर आधी टाच बघा. मोज्याची टाच तुमच्या टाचेखाली, तळव्याकडे येत असेल तर माप लहान आहे. ‘फ्री साइज’ सगळ्यांना बसत नाही. टाच जागेवर असूनही घसरत असेल, तर इलॅस्टिक गेलंय. कडकडीत पाणी आणि रणरणतं ऊन त्याला मारतात. उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आत लपणाऱ्या मोज्यांच्या टाचेला सिलिकॉनची पट्टी असते, ती कोरड्या कातडीलाच धरते, म्हणून त्या दिवशी टाचेला तेल किंवा क्रीम लावू नका. पोटरीवर खोल वळ उमटत असतील, तर सैल पट्टीचे मोजे घ्या. मधुमेह असलेल्यांनी किंवा पाय सुजत असलेल्यांनी याबाबत डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणि एकाच गडद रंगाच्या, एकाच मेकच्या तीन जोड्या एकदम घ्या. एखादा मोजा हरवला किंवा फाटला, तरी बाकीच्या पाचांतून जोडी जमते.