डिफेन्सिव्ह बॅक्सना कव्हरेज शिकवायचं तर आधी नजर, मग पाय, हात सगळ्यात शेवटी

इकडे टेक्ससमध्ये सातवीपासून शाळेचं अमेरिकन फुटबॉल सुरू होतं, आणि आपल्या मराठी घरातली जी पोरं डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारे मागचे खेळाडू, कडेचा कॉर्नरबॅक नाहीतर मागे मधला सेफ्टी, खेळायला लागतात त्यांचे आईबाबा हमखास विचारतात की घरी याच्याकडून काय करून घेऊ. काही बाबा लोक छोट्या पोरांच्या लीगमध्ये कोचला मदत पण करतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. बहुतेक जण पोराला स्प्रिंट मारायला लावतात, कारण रिसीव्हर (पास झेलणारा) पुढे निघून गेला की वाटतं आपलं पोरगं स्लो आहे. पण व्हिडिओ थांबवून बघा, दहातल्या बऱ्याच वेळा पोरगं स्लो नसतंच, ते स्नॅपनंतर, म्हणजे बॉल खेळात आल्यावर, भलतीकडे बघत असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आणि नजर नीट होईपर्यंत मी पुढचं काही शिकवत नाही.

तर नजर. मॅन कव्हरेज असेल, म्हणजे एकाला एक, तर फक्त रिसीव्हरची कंबर बघायची. खांदे फसवतात, डोकं फसवतं, डोळे तर फसवतातच, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना हे सांगावं लागत नाही, रेडर हातवारे कितीही करू दे, कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या कंबरेवरून आणि पायांवरूनच ओळखतो. मॅनमध्ये क्वार्टरबॅककडे (पास फेकणाऱ्याकडे) एक क्षण जरी बघितलं तरी तेवढ्यात दोन यार्ड गेले. झोनमध्ये, म्हणजे माणूस नाही तर जागा राखायची असते तेव्हा, उलटं. कव्हर थ्रीमध्ये कॉर्नरकडे मैदानाच्या मागच्या खोल भागाचा एक तृतीयांश हिस्सा असतो, तिथे सुरुवातीला नजर क्वार्टरबॅककडे, त्याने बॉल हातात येताच फेकायची तयारी केली तर छोटा रूट (रिसीव्हरची ठरलेली धाव) आहे, हिच (थोडं धावून वळणं) किंवा स्लँट (तिरकं आत कापणं), आणि तसं काही झालं नाही की नजर लगेच रिसीव्हरवर. कव्हर टूमध्ये कॉर्नर बाहेरच्या रिसीव्हरला अडवून आत ढकलतो आणि बघतो मात्र बाहेरून दुसऱ्या नंबरच्या रिसीव्हरकडे, तो फ्लॅटमध्ये, म्हणजे साइडलाइनजवळच्या पुढच्या जागेत, आला तर थांबायचं, सरळ वर धावला तर आपणही मागे सरकायचं. प्रत्येक कॉलला पोराने तोंडाने सांगितलं पाहिजे की मी कोणाकडे बघणार. सांगता आलं नाही तर त्या कॉलला त्याला मैदानात उभं करू नका.

स्नॅपच्या आधी पण वाचायला बरंच असतं. रिसीव्हर साइडलाइनला अगदी चिकटून उभा असेल तर बाहेर जागा नाही, मग तो बहुतेक आत कापणार. आत सरकून उभा असेल तर बाहेर जाणारा रूट येण्याची शक्यता जास्त. हे शंभर टक्के नसतं, पण पहिलं पाऊल टाकायला पुरतं. लेव्हरेजचं, म्हणजे रिसीव्हरच्या कोणत्या बाजूने उभं राहायचं त्याचं, पण तसंच, मधे सेफ्टीची मदत असेल तर आपण बाहेरच्या बाजूने उभं राहायचं, मदत नसेल तर आतून, म्हणजे साइडलाइन आपल्या बाजूने खेळते.

आता पाय. बॅकपेडलमध्ये, म्हणजे तोंड पुढे ठेवून मागे धावताना, नाक पायाच्या बोटांच्या बरोबर वर, पाठ थोडी वाकलेली, वजन चवड्यांवर, पावलं जमिनीला घासून जातील इतकी खाली. पोरं पहिल्याच पावलाला एक फुकटचं पाऊल पुढे टाकतात आणि मग मागे जातात, ती सवय आधी मोडायची, पुढच्या पायाने ढकलून मागच्या पायाने सुरुवात. साधारण सात यार्डांवरून सुरू करा, रिसीव्हर जवळ येऊन अंतर तीनेक यार्ड राहिलं की बॅकपेडल संपलं, हिप वळवायचे आणि पळायचं. इथे हट्टाने मागे मागे जात राहणारी पोरंच लांब पासवर मार खातात. ब्रेक करताना पाय कंबरेच्या खालीच रोवायचा, लांब बाहेर टाकला की घसरतो. डब्ल्यू ड्रिल रोज करा, पाच यार्ड मागे, तिरकं पुढे, परत मागे, परत पुढे, बॉल हातात घेऊन समोर उभं राहा आणि पोराची नजर जमिनीवर गेली की तिथेच थांबवा. रिसीव्हरचे हात संथ झाले, छाती वर आली, पावलं बारीक झाली की तो वळणार, हे पोराला आधी नुसतं उभं राहून बघायला लावा, पाय नंतर.

प्रेस, म्हणजे रिसीव्हरच्या अगदी समोर उभं राहून अडवणं, शिकवताना हात पाठीमागे बांधायला सांगा. खरंच. खुणेचे दोन शंकू एकमेकांपासून पाच यार्डांवर ठेवा, रिसीव्हरने त्यामधून निसटायचं, डिफेंडरने फक्त पायांनी समोर राहायचं. हात मोकळे असले की पोरं झेप घेऊन धक्का मारायला जातात, रिसीव्हर बाजूला होतो आणि खेळ तिथेच संपतो. हे जमलं की मग हात, आणि तो पण उलटा हात, रिसीव्हर आपल्या डावीकडून निघाला तर डावा हिप उघडायचा आणि उजव्या हाताने छातीवर मारायचं. मुठीत टेनिस बॉल द्या म्हणजे जर्सी धरता येणार नाही, फ्लॅग (पंचांचे दंड) वाचतात.

चांगला जॅम (सुरुवातीलाच हातांनी रोखणं) काय करतो हे बघायचं असेल तर १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल लावा, शेवटचा मिनिट. सिअ‍ॅटल गोल लाइनपासून एका यार्डावर, दोन रिसीव्हर एकामागे एक उभे. सगळ्यांना माल्कम बटलरचं इंटरसेप्शन आठवतं, पण पोरांना मी आधी ब्रँडन ब्राउनर दाखवतो, त्याने समोरच्या रिसीव्हरला, कर्सला, जागेवरच रोखून धरलं म्हणून बटलरचा रस्ता मोकळा राहिला. ब्राउनर मागे रेटला गेला असता तर बटलर अडकला असता. आणि बटलरने तोच प्ले आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये खाल्ला होता, त्यामुळे स्टॅक (एकामागे एक उभे रिसीव्हर) बघताच त्याला कळलं काय येतंय.

सगळ्यात कठीण भाग लांब पास. दोनच प्रश्न विचारायला शिकवा, मी त्याच्या हिपला चिकटलोय की मागे पडलोय. चिकटलेला असशील तर अंगाने त्याला किंचित साइडलाइनकडे रेटत मान वळवून बॉल शोध, आता बॉल जितका त्याचा तितकाच तुझा. मागे पडला असशील तर मान वळवूच नकोस, वळवलीस की अजून एक यार्ड गेला, आधी पळून गाठ, त्याचे डोळे मोठे होतील, हात वर जातील, तेव्हा त्याच्या दोन हातांच्या मधून आपला हात घालून खाली ओढ, आणि दुसऱ्या हाताने त्याला धरून पाड. हे दोन्ही प्रकार वेगवेगळे करून घ्या, कारण पोरं घाबरून मागे पडल्यावरच वळून बघतात, आणि त्यातूनच टचडाउन किंवा पास इंटरफिअरन्स (झेलण्यात बेकायदा अडथळा) येतो.

नियम मात्र आपापल्या लेव्हलचे बघा. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) १९७८ पासून पाच यार्डांनंतर रिसीव्हरला हात लावता येत नाही, स्टीलर्सचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना इतकं दाबून ठेवायचा की त्याच्याच नावाने तो नियम ओळखला जातो. टेक्ससमधली हायस्कूलं कॉलेजच्या नियमांवर खेळतात, तिथे ती पाच यार्डांची रेघ नाही, पण रिसीव्हर बरोबरीला आला की ढकलणं बंद आणि पास हवेत गेल्यावर तर नाहीच नाही. टीव्हीवर बघून पोरं गोंधळतात.

टॅकल खांद्याने, डोकं बाजूला, डोळे वर, याच्यावर तडजोड नाही. पीट कॅरलच्या सिअ‍ॅटलने २०१४ मध्ये रग्बीवरून घेतलेली पद्धत व्हिडिओ करून शिकवली होती, तीच मी वापरतो, मांडीवर खांदा, दोन्ही हात गुंडाळून, पाय चालू. पोराने डोकं खाली घातलं तर त्या दिवशीचं टॅकलिंग तिथेच बंद करा, त्याचा कितीही हिरमोड झाला तरी.

मॅचनंतर फिल्म बघताना स्कोअर आणि बॉल विसरा. स्नॅप झाल्यावर एका सेकंदाने व्हिडिओ थांबवा आणि हेल्मेट कुठे वळलंय तेवढंच लिहा, बरोबर किंवा चूक, मग पास पूर्ण झाला असो वा नसो. पोराला स्वतःच लिहू द्या. नजर बरोबर असून पास गेला तर सरळ सांगा की तुझं काम तू केलंस, आता पायांवर येऊ.