शैक्षणिक सल्लागाराने स्वतःला कसे घडवावे

विद्यापीठातील शैक्षणिक सल्लागाराचे काम बहुतेकांच्या वाट्याला पूर्वतयारीशिवाय येते. कोणी अध्यापन करता करता या कामाकडे वळवला जातो, तर कोणी दुसऱ्या कार्यालयातून बदलून येतो. हातात नियमपुस्तिका आणि विद्यार्थ्यांची यादी पडते आणि पुढच्याच आठवड्यात विषयनोंदणी सुरू होते. त्यानंतर व्यावसायिक विकास या नावाखाली जे घडते ते बहुधा प्रमाणपत्रे गोळा करण्यापुरतेच राहते. कार्यशाळा निरुपयोगी असतात असे मुळीच नाही. परंतु आपल्याला नेमके काय येत नाही हे आधी ठाऊक असल्याशिवाय त्यांतून फारसे हाती लागत नाही, आणि ते कळते विद्यार्थ्यांशी झालेले आपले बोलणे व त्या बोलण्याच्या नोंदी तपासल्यावरच. म्हणून स्वतःला घडवण्याची सुरुवात तिथून करावी.

कामाचा आवाका आधी समजून घ्यावा

१९७२ साली अमेरिकेत बर्न्स क्रुकस्टन यांनी शैक्षणिक सल्ला हे अध्यापनाचेच एक रूप आहे अशी मांडणी केली. त्याच वर्षी टेरी ओबॅनियन यांनी सल्ल्याचा एक क्रम सुचवला: आधी विद्यार्थ्याच्या आयुष्याची उद्दिष्टे, मग व्यवसायाची, त्यानंतर अभ्यासक्रमाची निवड, पुढे विषयांची निवड आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. आपल्यापैकी बहुतेक जण प्रत्यक्षात वेळापत्रकापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, ही गोष्ट मान्य करायला हरकत नाही.

१९७९ मध्ये स्थापन झालेल्या नाकाडा या सल्लागारांच्या संघटनेने २०१७ मध्ये सल्लागाराला लागणाऱ्या क्षमतांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन गट आहेत. सल्ला कशासाठी द्यायचा, त्यामागचे विचार व मूल्ये कोणती, हा संकल्पनांचा गट. नियम, अभ्यासक्रम, सुविधा आणि कायदेशीर बंधने यांची जाण हा माहितीचा गट. आणि ऐकणे, विचारणे, विश्वास मिळवणे हा संबंधांचा गट. हे तीन मथळे एका कागदावर लिहून त्यांच्याखाली मागील सत्रातील आपल्याला अवघड गेलेल्या भेटी मांडून पाहाव्यात. नव्या सल्लागाराच्या बहुतेक अडचणी माहितीच्या रकान्यात पडतात. काही वर्षे झालेल्यांच्या अडचणी मात्र संबंधांच्या रकान्यात गर्दी करतात, आणि तरीही त्यांना दरवर्षी नियमबदलांचेच प्रशिक्षण दिले जाते.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यांचे परिणाम शोधावेत

माहितीची बाजू पक्की करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे संगणकाची मदत न घेता एखाद्या विद्यार्थ्याची पदवीपूर्तता हाताने तपासणे. नाव झाकलेली एक जुनी गुणपत्रिका घ्यावी, शक्यतो मध्येच शाखा बदललेल्या किंवा दुसऱ्या संस्थेतून आलेल्या विद्यार्थ्याची, आणि कोणते श्रेयांक धरले जातील, कोणते वाया जातील, किती सत्रे उरतील हे कागदावर मांडावे. मग प्रणालीचे उत्तर पाहावे. जिथे दोन्ही उत्तरे जुळत नाहीत तिथे आपली चूक असेल किंवा प्रणालीची, पण काहीतरी शिकायला हमखास मिळते.

यापुढची पायरी परिणामांची साखळी ओळखण्याची आहे. एखादा विषय सोडायला परवानगी आहे एवढे सांगून सल्ला पूर्ण होत नाही. तो विषय पुढच्या कोणत्या विषयांची पूर्वअट आहे, तो वर्षातून एकदाच शिकवला जातो का, तो सोडल्यावर श्रेयांक पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या किमान मर्यादेखाली जातात का, आणि तसे झाल्यास शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा यांवर काय परिणाम होतो, हे प्रश्न एकापाठोपाठ एक आपोआप सुचू लागेपर्यंत हा सराव करावा. स्वतःची एक नियमवही ठेवावी आणि तीत प्रत्येक नियमाजवळ तो कुठे छापलेला आहे, आपण तो कधी पडताळला आणि अपवाद मंजूर करण्याचा अधिकार कोणाला आहे, या गोष्टी लिहाव्यात. शेवटची बाब सर्वांत उपयोगी पडते, कारण अपवादाचा निर्णय आपल्या हाती नसताना दिलेले आश्वासन विद्यार्थ्याचे नुकसान करते आणि आपलीही विश्वासार्हता घालवते.

बोलण्याचे कौशल्य: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

संवादकौशल्य स्वभावात असते किंवा नसते, असा एक समज आहे आणि तो सोयीचा असल्यामुळे टिकून आहे. प्रत्यक्षात हे कौशल्य सरावाने वाढते, मात्र सराव कशाचा करायचा हे ठरवावे लागते. पुढील उदाहरण पाहावे. एक विद्यार्थिनी येते आणि म्हणते, "मॅडम, मला सांख्यिकी सोडायचं आहे." एक सल्लागार उत्तर देतात, "शुक्रवार शेवटचा आहे, त्याआधी अर्ज भरून दे." उत्तर बिनचूक आहे आणि भेट दोन मिनिटांत संपते. दुसऱ्या सल्लागार विचारतात, "बरं. हे कधीपासून मनात आहे?" विद्यार्थिनी थोडी थांबते आणि सांगते, "दोन आठवडे झाले. संध्याकाळी काम धरलंय, त्यामुळे तास बुडतात. विषय तसा जमतो मला." या शेवटच्या वाक्यानंतर प्रश्नच बदलतो, विषय सोडण्याऐवजी सकाळच्या तुकडीत जागा आहे का, हे पाहणे योग्य ठरते. विद्यार्थी पहिल्या वाक्यात अडचण सांगत नाही, तो स्वतः शोधलेला उपाय सांगतो, आणि त्या उपायामागची अडचण बाहेर काढणे हे या कामातील निम्मे कसब आहे.

हे कसब वाढवण्यासाठी सहकाऱ्याकडून भेटीचे निरीक्षण करून घेण्यासारखा दुसरा उपाय नाही. विद्यार्थ्याची आधी स्पष्ट संमती घ्यावी, आणि ती नाकारणे त्याला सोपे जाईल अशा रीतीने विचारावे. निरीक्षकाने मत देऊ नये, केवळ नोंदी कराव्यात: पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला गेला, "हो" किंवा "नाही" असे उत्तर येणारे प्रश्न किती होते, विद्यार्थ्याचे वाक्य किती वेळा मध्येच तोडले गेले, आणि पुढे काय करायचे हे शेवटी कोणी सांगितले. "छान झाली भेट" या अभिप्रायाने कोणाचेही काही सुधारलेले नाही. उलट पहिला सल्ला चाळिसाव्या सेकंदाला दिला गेला हे कागदावर वाचल्यावर माणूस पुढच्या भेटीत आपसूक थांबतो. निरीक्षण शक्य नसेल तर दोन सहकाऱ्यांनी भूमिका वाटून घेऊन हीच भेट रंगवावी. सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, परंतु पाचेक मिनिटांत दोघेही खरेखुरे बोलू लागतात.

सरावासाठी तयार चौकट हवी असेल तर प्रेरणात्मक संवाद या पद्धतीकडे वळावे. मद्यपानाच्या समस्येवरील उपचारांच्या संदर्भात विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती प्रथम मांडली, आणि पुढे शिक्षणक्षेत्रातही ती वापरली जाऊ लागली. तिच्यात खुले प्रश्न विचारणे, समोरच्याच्या प्रयत्नांची दखल घेणे, त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत मांडणे आणि शेवटी सारांश सांगणे ही चार साधने आहेत. चारही एकदम वापरायला जाऊ नये. एका सत्रात एकच साधन घ्यावे. माझ्या मते म्हणणे परत मांडण्यापासून सुरुवात करावी, कारण आपण ऐकले की केवळ आपल्या बोलण्याची पाळी येण्याची वाट पाहिली, हे त्यातून लगेच उघड होते. मात्र ही साधने विद्यार्थ्याला आपल्या मनातल्या निर्णयाकडे ढकलण्यासाठी वापरू लागलो तर तो ते ओळखतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

आपल्या मर्यादेचा आणि पुढे पाठवण्याचा सराव

शैक्षणिक सल्लागार समुपदेशक नाही, वकील नाही आणि आर्थिक साहाय्याचा अधिकारीही नाही. तरीही या सर्वांकडे जाणारा विद्यार्थी अनेकदा आधी त्याच्यासमोर येऊन बसतो. म्हणून योग्य व्यक्तीकडे पाठवणे हे स्वतंत्र कौशल्य मानून शिकावे. कार्यालयाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक हातात ठेवणे पुरेसे नसते. तिथे गेल्यावर काय विचारतात, किती दिवसांनी वेळ मिळते आणि कोणाला भेटायचे, हे आपण स्वतः एकदा जाऊन पाहिलेले असावे, म्हणजे विद्यार्थ्याला ते खात्रीने सांगता येते. गरज वाटल्यास त्याच्या समोरच तिथे फोन लावून द्यावा.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या किंवा तसा संशय येईल असे बोलणाऱ्या विद्यार्थ्याबाबतचे प्रशिक्षण ऐच्छिक समजू नये. थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे, विद्यार्थ्याला एकटे सोडू नये, गुप्तता पाळण्याचे वचन देऊ नये आणि संस्थेने ठरवून दिलेल्या व्यक्तीला त्वरित बोलवावे. ती व्यक्ती कोण, हे सत्राच्या पहिल्या दिवशी तपासून लिहून ठेवावे.

नोंदी सुधारल्या की काम सुधारते

आपली प्रगती जोखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आपण लिहिलेल्या भेटींच्या नोंदी. "विद्यार्थिनी भेटली, विषय सोडण्याबाबत चर्चा झाली, मार्गदर्शन केले" अशी नोंद सहा महिन्यांनी कोणाच्याही कामाची राहत नाही, लिहिणाऱ्याच्याही नाही. तीच नोंद अशी लिहिता येते: "संध्याकाळच्या कामामुळे सांख्यिकीचे तास बुडतात, म्हणून विषय सोडण्याचा विचार. सोडल्यास पुढील वर्षीचे दोन विषय घेता येणार नाहीत, हे सांगितले. सकाळच्या तुकडीबाबत ती बुधवारपर्यंत विभागात विचारेल. शिष्यवृत्तीची अट मी तपासून कळवेन. पुढील भेट सोमवारी." दुसऱ्या नोंदीत कारण, परिणाम, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, हे सारे आले आहे, आणि विद्यार्थिनीच्या स्वभावावर एकही शेरा नाही. नोंद विद्यार्थ्याने वाचली तरी आपल्याला संकोच वाटणार नाही अशीच लिहावी. अनेक ठिकाणी ती पाहण्याचा त्याला कायदेशीर हक्कही असतो.

धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या संगणकीय प्रणाली आता बऱ्याच विद्यापीठांत आल्या आहेत. त्या वापरायला शिकावेच, परंतु लाल खूण दिसली म्हणून विद्यार्थी नापास होणारच असे गृहीत धरून बोलायला बसू नये. आधी विचारावे, मग मत बनवावे.

वर्षाची आखणी

एका वर्षात दोनच उद्दिष्टे घ्यावीत, एका सत्रात एक. "संवाद सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. "पहिली तीन मिनिटे सल्ला न देता केवळ प्रश्न विचारणे" हे उद्दिष्ट होऊ शकते, कारण ते पाळले की नाही हे सांगता येते. विषयनोंदणी आणि निकालांचे आठवडे यातून वगळावेत, त्या काळात कोणी काही शिकत नाही.

चार ते सहा सहकाऱ्यांचा गट करून महिन्यातून एकदा तासभर एकच प्रकरण चर्चेला घ्यावे. ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकावेत. प्रकरण मांडणाऱ्याने आपला निर्णय शेवटपर्यंत राखून ठेवावा आणि इतरांनी प्रथम फक्त प्रश्न विचारावेत, म्हणजे चर्चा निर्णयाच्या समर्थनात किंवा विरोधात अडकत नाही. वरिष्ठ अधिकारी गटात असतील तर लोक अवघड प्रकरणे आणत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे; त्यांना अधूनमधून निमंत्रण द्यावे, कायमचे सदस्यत्व देऊ नये.

कार्यशाळा किंवा परिषद निवडताना आपल्या उद्दिष्टाशी तिचा संबंध एका वाक्यात लिहिता आला तरच जावे, आणि परतल्यावर आठवडाभरात तिथली एक गोष्ट प्रत्यक्ष भेटीत वापरून पाहावी. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार स्तर येथे उपयोगी पडतात: सहभागी व्यक्तीला ते आवडले का, तिला काही समजले का, तिचे वागणे बदलले का आणि त्याचा परिणाम दिसला का. संस्था पहिल्या स्तरावर अभिप्राय अर्ज भरून घेऊन थांबतात. आपण निदान तिसऱ्या स्तरापर्यंत जावे, आणि त्यासाठी सत्राच्या सुरुवातीच्या दहा व शेवटच्या दहा नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. विद्यार्थ्यांनाही विचारावे, पण "समाधान झाले का" असे विचारू नये. "पुढे काय करायचे ते तुझ्या शब्दांत सांग" असे भेटीच्या शेवटी म्हणावे. उत्तर धड आले नाही तर ती उणीव आपल्या भेटीची समजावी.

या सर्वांसाठी वेळ लागतो आणि तो वरिष्ठांकडे मागावाच लागतो. मागताना प्रशिक्षणाचे महत्त्व सांगत बसण्यापेक्षा कागद पुढे ठेवावा: चुकीच्या विषयनिवडीमुळे मागील सत्रात किती अर्ज पुन्हा करावे लागले, पूर्वअट न पाहिल्यामुळे किती विद्यार्थ्यांचे सत्र लांबले, आणि त्यांपैकी कोणत्या गोष्टी आठवड्यातील दोन तासांच्या सरावाने टळू शकल्या असत्या. हे आकडे आपल्याच नोंदींतून निघतात. वेळ मंजूर झाल्यास ती दिनदर्शिकेत भेटींसाठी बंद करून ठेवावी, आणि सत्राच्या अखेरीस त्याच आकड्यांची नवी यादी काढून, ती मागितली जाण्याची वाट न पाहता, विभागप्रमुखांकडे द्यावी.